घोळीवरच्या अळ्या

अगं, फोन नीट कानाशी धर आणि ऐक. परवा फोनवर काय म्हणालीस? "मामी, फुलपाखरं काय, सगळी सारखीच." आणि वर हसलीस. शोभतं का तुला? एवढी शिकलीस, पण नीट बघायचं म्हटलं की तुला घाई!

आमच्या सुरतेतल्या, लिंबायतच्या घराची गच्ची तुला ठाऊक आहे. तिथं फुटक्या ड्रमात आपोआप उगवलेली रुई आहे आणि घमेल्यात मी लावलेली घोळीची भाजी. रुईवर केशरी फुलपाखरू अंडी घालतं, ते मी कित्येक वर्षं बघते. यंदा पाऊस सरताना धाकटी जाऊ भाजी खुडायला गेली आणि ओरडलीच. घोळीवर काळ्या, काटेरी अळ्या! वर एक केशरी फुलपाखरू घिरट्या घालत होतं.

"जिजी, रुईवाली चुकीसन भाजीवर बठनी!"

तिनं काडीनं एकेक अळी उचलली आणि रुईवर नेऊन सोडली. मन चांगलंच हो तिचं. लेकरं परक्या घरी उपाशी मरतील, असं तिला वाटलं.

पण ही तिची कामातली खोड. आम्ही दोघी घरी साड्यांचे लोंबते धागे कापतो. गठ्ठे मिसळले की ती नुसता रंग बघून साड्या लावते. मी काठ बघते, बुट्ट्या मोजते. सुरतेत एकाचं डिझाइन चाललं की शेजारचा तसंच छापतो; रंगावर विसंबलं तर माल परत आलाच म्हणून समज.

दुपारी बघते तर रुईचं एक पान कुरतडलेलं नाही. एक अळी आखडून खाली पडलेली. परत घोळीवर न्याव्यात, तर जाऊचं खरं निघालं म्हणजे? तिथंही उपाशीच मरायच्या. म्हणजे आधी त्यांची आई ओळखायला हवी.

ती पुन्हा घोळीवर येऊन बसली, पोटाचं टोक वाकवून पानाला लावलं. मी मोबाइलात फोटो काढला. रुईवालीचा जुना फोटो होताच. दोन्ही मोठे करून बघितले. पाय मोजले, तर दोघींचे चारच दिसतात, पुढचे दोन छातीशी घेतलेले. त्यावरून काही कळेना. पुढच्या पंखांची टोकं दोघींची काळी, त्यात पांढरा पट्टा. तेही सारखंच. मग मागचा पंख बघितला. रुईवालीच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके. हिला एकच, तोही वरच्या कडेला!

"बघ, बुट्ट्याच कमी आहेत," मी म्हटलं. "ही दुसरीच आहे. रुईवाली कडू, म्हणून पाखरं तिला तोंड लावत नाहीत. हिनं नुसता तिचा रंग उचललाय."

"म्हणजे ही बी सुरतचीच!" जाऊ म्हणाली. "आन तुमना ठिपका खोटा निघना तर?"

"तर रुईवाल्या अळ्या आठव. गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांच्या. या काटेरी."

"तुमना थोरला जलमना तवय काय आतासारखा दिसे का?"

बोलत होती, पण काडी तिनंच आणली. दोघींनी अळ्या पुन्हा घोळीवर ठेवल्या. आखडलेली होती ती गेलीच. बाकीच्या जरा वेळ पडून राहिल्या आणि मग एकीनं पान कुरतडायला घेतलं. जाऊ मांडी घालून बघत बसली, चहासुद्धा तिथंच मागवला.

घोळीचे आता नुसते देठ उरलेत. भाजी बाजारातून आणतो, त्यावरून रोज टोमणे ऐकते. घमेल्याच्या काठाखाली कोष लटकलेत. मोबाइलात शोधून बघितलं, यातनं नर निघाला तर तो केशरी नसतो बरं, काळाभोर असतो, पंखांवर मोठे पांढरे चांदवे आणि भोवती निळी झाक. जाऊ म्हणते, असं कुठं असतं का? म्हणून म्हणते, कोष फुटायच्या आत ये. सुट्टी नाही, गाडीला गर्दी, ते काही सांगू नकोस. लवकर ये बाई.