आतोबांची गळकी कुंडी

देवाला नैवेद्य दाखवून डोळे मिटणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण देव खरंच खातो की पुजाऱ्याचा पोरगा, हे बघायला एक डोळा किलकिला ठेवणारा माणूस उभ्या कल्याणात एकच होता, आणि तो आमच्या आत्याचा नवरा निघावा हे माझं नशीब. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि आत्याकडेच राहत होतो. आतोबा मामलेदार कचेरीत कारकून. गवळ्याने दारात म्हैस पिळायची, तीही धोतर खोचून, आणि पिळण्याआधी चरवी उपडी करून दाखवायची, असा त्यांचा दंडक. लोणच्याच्या बरणीचं दादरं ते स्वतः बांधत आणि त्याची गाठ अशी मारत की खुद्द त्यांनाच ती सुटत नसे, मग आत्या सुरीने दोरी कापायची आणि हे विचारत, "सुरी कुठून आणलीस?" लग्नाच्या पंगतीत यजमानाने पहिला घास घेतल्याशिवाय हे चित्राहुतीसुद्धा घालत नसत. स्टेशनातल्या घड्याळावरही त्यांचा भरवसा नव्हता. "गाडी उशिरा आली की ते काटे मागे सारतात," असं मला त्यांनी कानात सांगितलं होतं.

पण खरा पहारा परसातल्या शौचकुपावर. त्याला त्यांनी कुलूप घातलं होतं आणि किल्ली जानव्याला अडकवली होती. जानवं कानावर टाकलं की किल्ली गालावर खुळखुळायची, त्यामुळे आतोबा कुठे निघाले हे चार घरं पलीकडे कळायचं. आम्हां उरलेल्यांना गरज पडली की किल्ली मागावी लागे, आणि "आत्ताच तर गेला होतास!" हा शेरा ऐकून घ्यावा लागे. मास्तर झालो तरी काय, त्या दारात सगळे सारखेच!

त्या कोठडीत पाण्याची एक दगडी कुंडी होती. एका उन्हाळ्यात ती संध्याकाळी काठोकाठ भरावी आणि सकाळी निम्मी व्हावी, असं सुरू झालं. त्याच सुमारास आठ हातांवरच्या आमच्या विहिरीच्या पाण्यालाही घाण वास येऊ लागला. आतोबांनी दोन्ही गुन्ह्यांचा तपास एका दमात लावला. आमच्या भिंतीपलीकडे एक वैद्यबुवा राहत. साठी उलटलेले, पोट सुटलेले, उठताना दोघांचा हात लागायचा. ते म्हणे रोज भिंतीवरून उडी मारून आमच्या शौचकुपात येतात, आणि जाता जाता काढ्याचा चोथा विहिरीत टाकतात. "अहो, त्यांना ओटा चढवत नाही," मी म्हटलं. "तेच तर! आपल्यासमोर नाही चढवत," आतोबा म्हणाले.

हसण्यावारी नेलं असतं, पण घरात आत्याला आठवा महिना होता. आधीची दोन मुलं जन्मताच गेलेली. विहीर नासल्यापासून प्यायचं पाणी तळ्यावरून आणावं लागे, आणि ते आत्याच आणायची. वैद्यांच्या बाई भिंतीवरून रोज हाका मारायच्या, "अहो वहिनी, आमची विहीर काय परकी आहे? भरा की कळशी!" आतोबा आतूनच म्हणत, "त्यांचं पाणी एवढं गोड का, हे मला आधी कळलं पाहिजे." मी कळशी उचलली तर ती माझ्या हातातून काढून घेत. "तू शेजारूनच भरून आणशील आणि तळ्याचं म्हणून सांगशील. ही नाही फसवायची मला." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण माझा बेत अगदी तोच होता. साऱ्या जगात त्यांचा एका आत्यावर विश्वास, आणि त्या विश्वासापायी ती अवघडलेली बाई रोज तळ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरत होती. मला त्या माणसाचा तेव्हा इतका राग यायचा की सांगता सोय नाही.

चोर रंगेहाथ पकडायचा म्हणून एका संध्याकाळी आतोबांनी रंगाऱ्याकडून नीळ आणली आणि सगळी कुंडीत कालवली. सकाळी उठले ते थेट वैद्यांच्या अंगणात. दोरीवरचं एकूण एक धोतर उलटंसुलटं करून पाहिलं. वैद्यबुवा ओट्यावर अंगाला तेल लावून बसले होते.

"वैद्यबुवा, जरा हात दाखवा."

"म्हणजे? तुमचा हात मी बघायचा की माझा तुम्ही?" वैद्यबुवा म्हणाले. पण बिचाऱ्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. आतोबांनी ते उन्हात धरून बोटं फाकवून पाहिले. तेल होतं, निळं काही नव्हतं. तेवढ्यात आमच्या परसातून आत्याची हाक आली. भांड्यांसाठी तिने विहिरीचं पाणी शेंदलं होतं आणि पोहरा वर आला तो निळाशार.

आम्ही धावत गेलो. वैद्यबुवांची सगळी मंडळी भिंतीवरून डोकावत होती. आतोबांनी पोहऱ्यात बोट बुडवलं, वर काढलं, बघत राहिले. "नीळ... कुणीतरी चोरून आणून हिच्यात..."

"अहो, नीळ तुमची, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या गळ्यात," आत्या म्हणाली. तिने जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. "तुमचीच कुंडी झिरपतेय विहिरीत. काल तळ्यावर माझा पाय सटकला होता. सांगितलं नाही तुम्हाला. हेही गेलं असतं तर कुणाचे हात तपासले असते तुम्ही?" आणि ती विहिरीच्या काठावर बसून रडायला लागली.

आतोबांनी कळशी उचलली. कचेरीतला कारकून भर सकाळी उघड्या अंगाने, भरल्या आळीतून वळसा घालून वैद्यांच्या दिंडीदरवाजातून आत गेला आणि पाणी घेऊन आला. निम्मं वाटेत सांडलं. कुणी हसलं नाही.

कुंडीच्या बुडाला केसाएवढी चीर निघाली. गवंड्याने चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर कालवून ती बुजवली, फरशीच्या सांध्यांतही चुना भरला, मग विहीर उपसून काढली. गूळ चुन्यात किती जातो आणि गवंड्याच्या तोंडात किती, हे बघायला आतोबा तिन्ही दिवस उकिडवे बसून होते. स्वभावाला औषध नाही!

पुढे महिन्याभरात भर दुपारी आत्या बाळंतपणात अडली. सुईण घाबरली, तिने वैद्यबुवांना बोलावलं. एरवी औषध घरात आलं की आतोबा आधी वास घेत, मग वैद्याला एक घोट प्यायला लावत. वैद्यबुवांनी सवयीने वाटी त्यांच्या नाकापुढे धरली. आतोबांनी मान वळवली. "द्या तिला," म्हणाले, "मी नाही वास घेणार." सूर्य मावळायच्या आत पोरगी झाली, रडली, जगली.

आता ती पोरगी ठाण्याला नांदते आहे. वैद्यबुवा आधी गेले. आतोबांच्या शेवटच्या दुखण्यात तिनेच ठाण्याहून डॉक्टर आणला होता. आतोबांनी बाटली हुंगली, उजेडात धरली, बूच दोनदा तपासलं आणि ती उशाशी ठेवून दिली. "घ्या ना हो," आत्या म्हणाली. ते भिंतीकडे बघत राहिले. पलीकडच्या अंगणात तेव्हा दुसरंच बिऱ्हाड होतं.

"आमचे वैद्यबुवा असते," ते म्हणाले, "तर डोळे मिटून प्यालो असतो गं."