तिसऱ्यांदा विचारणाऱ्या मावशी

माणसाकडे पायापासून वर बघत जाणारी बाई या जगात एकच आहे, आणि ती ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या घरापासून चार सिग्नलवर राहते. नात्याने त्या माझ्या कोणी लागत नाहीत. नवऱ्याच्या मावसभावाच्या लग्नात त्या मुलीकडच्या होत्या, एवढाच धागा. पण गावातल्या तमाम मराठी माणसांसारखी मीही त्यांना मावशी म्हणते. लोक भेटल्यावर एकमेकांचा चेहरा बघून हसतात. मावशी आधी चपला बघतात, मग गुडघे, मग चाल, आणि चेहऱ्यापर्यंत पोचेतो त्यांचं निदान झालेलं असतं. पहिल्या भेटीत मी हात जोडले तर म्हणाल्या, "डावी टाच कधीपासून दुखतेय?" टाच दुखते हे मी तोवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आमच्या वास्तुशांतीला त्या आल्या, तीर्थ घेतलं आणि थेट बाथरूममध्ये गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मी हौसेने घेतलेला गालिचा गुंडाळून त्यांच्या काखेत होता. "हे गालिचे म्हणजे फ्रॅक्चरची आमंत्रणपत्रिका," असं जाहीर करून त्यांनी तो गॅरेजमध्ये नेऊन टाकला. आहेराच्या पिशवीतून बाथरूमच्या भिंतीला लावायचा आधाराचा दांडा निघाला. आम्ही तेव्हा तिशीत होतो. पुढच्या शनिवारी ड्रिल मशीन घेऊन येऊन त्यांनी तो स्वतःच ठोकला.

मावशी मिरजेला नर्स होत्या. काकांच्या नोकरीमागे इकडे आल्या, पुन्हा सगळ्या परीक्षा दिल्या आणि वीस वर्षं इथल्या वृद्धाश्रमांत ड्यूट्या केल्या. खिडकीकडे तोंड करून बसलेली म्हातारी माणसं "मला घरी कधी नेणार?" असं विचारायची, ते एके दिवशी त्यांना ऐकवेनासं झालं. मग "यांना घरी न्यायचं नसेल तर घरातून आणायचंच कशाला?" एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी गॅरेजात टेबल टाकून कंपनी काढली. म्हाताऱ्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन देखभाल करायची, हे काम. आता रीतसर ऑफिस आहे, हाताखाली पन्नासेक माणसं आहेत, मालकिणीसाठी चाकांची खुर्चीही आहे. पण त्या खुर्चीवर मावशींना बसलेलं कोणी पाहिलेलं नाही. त्यांचा मुक्काम व्हॅनमध्ये. व्हॅनच्या मागच्या बाजूला दोन वॉकर, कमोडची उंच सीट आणि प्रेशर कुकर. कुकर कशाला, तर "अगं, मऊ भाताला कोणता देश नको म्हणतो?"

त्यांच्याकडे नोकरी मागायला येणाऱ्या बाईचा रेझ्युमे त्या उलटा ठेवतात आणि आपला पाय पुढे करून मोजा घालायला सांगतात. पाय मुद्दाम ताठ धरतात. जी मोजा खसकन ओढते ती गेली. जी आधी तळव्याला हात लावते, अंगठ्याकडे बघते आणि "दुखतंय का?" असं विचारते, तिला नोकरी. या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेली ब्रेंडा नावाची धिप्पाड, मायाळू बाई आमच्याकडे आली, ती माझ्या बाबांसाठी.

बाबा साताऱ्याचे निवृत्त शाळामास्तर. आमच्याकडे चार महिन्यांसाठी आले आणि ड्राइव्हवेवर घसरून खुबा मोडून बसले. ऑपरेशन चांगलं झालं, घरी आले, दिवसभरासाठी ब्रेंडा होती. पण बाबा खाईनात. दोन आठवड्यांत गालांची हाडं वर आली, जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर असंच चाललं तर पुन्हा भरती करून नळीने अन्न द्यावं लागेल. ज्या माणसाने आयुष्यभर पंगतीत शेवटचा उठायचा मान सोडला नाही, त्याच्या नाकात नळी! मी घाबरून मावशींना फोन केला.

मावशी आल्या. बाबांची पावलं, घोटे, गुडघे बघून झाल्यावर त्यांनी ब्रेंडाची वही मागितली. वहीत रोज तेच, सुवाच्य अक्षरात: जेवण विचारलं, नको म्हणाले. सूप विचारलं, नको म्हणाले. मावशी पाचव्या पानावर हसायला लागल्या, आणि दहाव्या पानावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"ब्रेंडा, हाउ मेनी टाइम्स डू यू आस्क?"

"वन्स," ब्रेंडा गोंधळून म्हणाली. "ही सेज नो थँक यू, मॅडम. सो पोलाइट!"

मग मावशींनी माझ्याकडे बघितलं. "आणि तू गं?"

मला एकदम सगळं दिसलं. संध्याकाळी कानात कॉल चालू, हातात डाव. "बाबा, अजून वाढू?" "नको गं." "ओके." आणि ताट उचलून मी सिंकमध्ये ठेवलेलं. परक्या घरात तर सोडाच, लेकीच्या घरीही पहिल्या विचारण्याला "हो" म्हणायचं नाही, ही बाबांची पंचाहत्तर वर्षांची शिस्त. आणि मी, त्यांच्याच घरात आग्रहाचे जिलबीचे वेढे खाऊन वाढलेली मुलगी, एकदा विचारून मोकळी होत होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मावशींनी कुकर लावला. ताट घेऊन बाबांसमोर बसल्या. "गुरुजी, भात वाढते." "नको, नको." "थोडासा?" "अहो, खरंच नको." तिसऱ्यांदा मावशींनी विचारलं, पण विचारताना पळी ताटावर आली होती. "एवढा तरी घ्या, माझ्या हातचा आहे." बाबा म्हणाले, "तुम्ही म्हणताच आहात तर..." आणि तीनदा भात घेतला. ब्रेंडा दारात उभी राहून हे बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून ब्रेंडा आपल्या अमेरिकन जिभेने "थोरं घ्या, बाबा" म्हणत कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली. बाबांचा चेहरा भरला, जखम भरली, नळी टळली. मावशींनी मात्र कंपनीत नवा नियमच केला: जेवण तीनदा विचारायचं. त्यांची मॅनेजर हादरली. पेशंटचा नकार म्हणजे नकार, असं तिने बजावलं. मावशी म्हणाल्या, "इंजेक्शनला नो म्हणजे नो. आंघोळीला नो म्हणजे नो. भाताला नो म्हणजे फक्त 'थांबा जरा'. तिसऱ्यांदाही नको म्हणाले, तर मुकाट्याने ताट उचलायचं." आणि गंमत अशी, की हा नियम सर्वांत जास्त लागू पडला तो इथल्याच म्हाताऱ्यांना. मक्याच्या शेतांत आयुष्य काढलेले, एकटे राहणारे आजोबा, "आय अ‍ॅम फाइन" म्हणून दार लावून घेणारे. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यातले कितीतरी म्हणायचे, वेल, इफ यू इन्सिस्ट. मावशी मला म्हणाल्या, "आपल्याकडे नको, यांच्याकडे आय अ‍ॅम फाइन. भूक एकच गं."

बाबा साताऱ्याला परतले आणि पुढची चार वर्षं दोन्ही वेळा पोटभर जेवले. मागच्या वर्षी गेले. ती चार वर्षं मला मावशींनी दिली, हे मी त्यांना एकदा सांगायला गेले होते. त्यांनी माझे बूट बघून विषय बदलला.

या जानेवारीत मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काका आता नाहीत, मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला. ती येऊन आठवडाभर राहून गेली. कंपनीतून बाई पाठवायची म्हटलं तर मालकीणबाईंना पटत नाही, "ती बाई कुणा गरजूकडे जाऊ दे." मी सकाळी फोन केला. "मावशी, डबा आणू का?" "नको गं, आय अ‍ॅम फाइन." दुपारी पुन्हा केला. "नको म्हटलं ना! तुझ्या मीटिंगा असतील." माझ्या ओठांवर "ओके" आलंही होतं, ते गिळलं. फोन ठेवला, कुकर लावला आणि संध्याकाळी बर्फातून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

वॉकर सरकवत त्यांनी दार उघडलं. "बर्फात असले बूट?" म्हणाल्या. मग हळूहळू वर बघत माझ्या चेहऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. "सकाळपासून दोन बिस्किटांवर आहे गं," असं म्हणून वाटेतून बाजूला झाल्या.

मी ताट वाढलं, वर तूप सोडलं. त्या सगळं जेवल्या.

"अजून वाढू?"

"नको."

मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले.