मागे कुणी उभं राहायचं नाही

मालकाच्या पिकअपला कोंडीराम ओव्हाळांनी स्वतःच्या खिशातून मागचा कॅमेरा बसवून घेतला, तेव्हा मालक, चिखलीचे अर्जुनराव, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “आहेरात दिलीया का गाडी तुला, कोंडीराम?”

कोंडीराम हसले. काय विचारलं ते त्यांना कळलं नव्हतं. मालक हसताहेत म्हणून तेही हसले. अलीकडे ते असंच करत.

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. दिवसभर पत्र्यावर आदळणारी मशिनं आणि कानात कापसाचे बोळे. पुढे कंपनी बंद पडली. मशिनं थांबली, कानातला आवाज थांबला नाही. उजवा कान आधी गेला. डावाही हळूहळू त्याच वाटेने निघाला. आता ते अर्जुनरावांच्या भाड्याच्या जनरेटरची गाडी चालवत. लग्न, उद्घाटन, जत्रा, काहीही असो. पुढे पिकअप, मागे दोन चाकांच्या ट्रॉलीवर जनरेटर.

चालवणं त्यांना जड जात नव्हतं. जड होतं ट्रॉली जोडणं. गाडी मागे घेत घेत तिचा हुक ट्रॉलीच्या कडीखाली बरोबर आणावा लागतो. जनरेटर सांभाळणारा समाधान त्या मधल्या जागेत उभा राहून ओरडायचा, “येऊ द्या, येऊ द्या, बस.” कोंडीराम खिडकीतून मान बाहेर काढून ऐकायचे. पुढे नुसतीच मान बाहेर काढू लागले आणि अंदाजाने ब्रेक मारू लागले. एकदा अंदाज चुकला. समाधानने पाय मागे ओढला म्हणून वाचला.

कोंडीराम म्हणाले, ब्रेक उशिरा लागला. समाधानने ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी स्वतः गॅरेजला जाऊन ब्रेक तपासून आणले. ब्रेक चांगले होते.

घरी सरूबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसूनच बोलत. कानाचं मशीन घ्या, असं त्यांनी कितीदा सांगितलं होतं. पण मशीन दिसलं की मालक किल्ली काढून घेणार, आणि किल्ली गेली की आपण म्हणजे घरात बसवलेला बहिरा म्हातारा, हे कोंडीरामांच्या मनाने घेतलं होतं. त्या दिवशी सरूबाई एवढंच म्हणाल्या, “आणि त्या पोराचा पाय गेला असता, तर त्याच्या आईला काय सांगणार होता?”

म्हणून कॅमेरा. कासारवाडीच्या फिटरने हुज्जत घातली. एवढा खाली वाकवला तर मागचा रस्ता दिसणार नाही, म्हणाला. कोंडीरामांना रस्ता नको होता, हुक हवा होता. स्क्रीनच्या तळाशी हुकाचं टोक आणि वरून त्याच्याकडे सरकत येणारी कडी. कडी हुकावर आली की थांबायचं. ओरडणाऱ्याची गरज उरली नाही.

“आता मागे कुणी उभं राहायचं नाही,” त्यांनी समाधानला बजावलं. म्हाताऱ्याला टीव्ही मिळाला, आता आपण कोण, असं तो पुटपुटला. तेही त्यांना ऐकू आलं नाही.

मग पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी जनरेटर तिथून चाकणला एका कारखान्याच्या रक्तदान शिबिराला न्यायचा होता. कोंडीरामांनी रिव्हर्स टाकला. स्क्रीन काळीच राहिली. खड्ड्यांनी कुठेतरी वायर निसटली होती. वॉचमन घाई करत होता. मागे एक गाडी खोळंबली होती.

समाधान खूश झाला. जुन्या जागी, हुक आणि कडीच्या मधे, जाऊन उभा राहिला. आरशात त्याचं तोंड हललं.

अंदाज बरोबर येईल, असं कोंडीरामांना वाटलं. बहुतेक वेळा येतो. त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले.

“मग मोठ्याने ओरडतो.”

“मोठ्याने पण नाही.”

समाधानने पायाखाली पाहिलं. मग हुकाकडे. मग तो सावकाश बाजूला झाला. कधीपासून, असं त्याने विचारलं. कोंडीरामांना तेही ओठांवरूनच कळलं. तुझा पाय वाचला त्याच्याही आधीपासून, त्यांनी सांगितलं.

“मी ब्रेक तपासून आणले, काका.”

कोंडीराम परत गाडीत जाऊन बसले.

समाधानने आरशात दिसेल असं कडेला उभं राहून हातवारे केले. ट्रॉली जोडली गेली. भोसरी मागे पडली. मग अर्जुनरावांचा फोन आला. समाधान बराच वेळ बोलत राहिला. कोंडीराम समोर बघत होते. आपली किल्ली राहतेय की जातेय, ते शेजारीच ठरत होतं आणि त्यातला एक शब्द त्यांना कळत नव्हता.

मोशीच्या सिग्नलला समाधान त्यांच्याकडे तोंड करून बसला. सावकाश बोलला.

“मी काही सांगितलं नाही. ते तुम्ही सांगायचं. आजच. नाही सांगितलं, तर उद्यापासून मी या गाडीवर नाही.”

संध्याकाळी कोंडीरामांनी मालकांना सांगितलं. अर्जुनराव खुर्चीतून पुढे झुकले.

“बहिरा झालायस व्हय? आन मी म्हणतोय, मस्ती आलीया. हाक मारली तर वळून बघत न्हाई.” मग त्यांनी हात पुढे केला. कोंडीरामांनी किल्ली दिली. कान दाखवून मशीन लावून ये, मग बघू, तवर समाधान चालवंल, असं मालकांनी खुणा करून करून समजावलं. घरी बस, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी समाधान स्टिअरिंगवर होता. लायसन्स होतं, हात बसला नव्हता. त्याने अजून काळ्याच असलेल्या स्क्रीनकडे पाहिलं, मग आरशात. कोंडीराम कडेला, नीट दिसतील असे उभे होते. गाडी इंचाइंचाने मागे आली. समाधानने खिडकीतून डोकं काढून विचारलं, “बस का?”

कोंडीरामांनी हाताने बोलावलं. अजून थोडं होतं.