स्टेन्सिलवरची एक ओळ

मंठ्याच्या एका शाळेत मी शिक्षक होतो आणि हौसेने नाटके लिहीत होतो. आम्ही काही जण मिळून एक अनियतकालिकही काढायचो. शाळेच्या प्रश्नपत्रिका ज्या सायक्लोस्टाइल यंत्रावर निघत त्यावरच ते निघायचे. मराठी टंकलेखन यंत्र नव्हते, म्हणून मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लोखंडी लेखणीने सगळा मजकूर हाताने लिहावा लागे. हे काम आमच्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई करीत, कारण त्यांचे अक्षर सर्वांत सुबक होते. धर्मांतरानंतर त्यांच्या वस्तीतून शिकून पुढे आलेल्या पहिल्या मुलींपैकी त्या एक. आमच्या कथा, आमच्या कविता त्यांनी काही वर्षे आपल्या अक्षरात उतरवल्या. त्यात त्यांचे स्वतःचे काहीच नसे. ते मला कधी खटकलेही नाही.

माझ्या तिसऱ्या नाटकाचा प्रयोग शाळेच्या मैदानावर झाला. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून दुपारी. नायिकेचे काम तहसीलमधल्या एका कारकुनाने केले. स्टेजवर यायला बायका तयार नसतात असे आम्ही म्हणत असू, पण कुणा बाईला जाऊन विचारल्याचे मला आठवत नाही. घर सोडून गेलेला नवरा आजारी होऊन परत येतो आणि बायको त्याची सेवा करते, अशी गोष्ट. तिसऱ्या अंकात तिला एकही वाक्य नव्हते. ते मौन हीच माझी कामगिरी, असे मला वाटे. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या पुरुषांनी डोळे पुसले.

या प्रयोगावर लिहू का, असे बाईंनी विचारले, तेव्हा मी मोठ्या मनाचा आव आणून, बेधडक लिहा म्हणालो. त्यांचे नावानिशी छापले जाणारे ते पहिलेच लिखाण. स्टेन्सिलही त्यांनीच लिहिले आणि शनिवारी माझ्या हवाली केले.

रविवारी सकाळी प्रती काढायला मी एकटाच शाळेत गेलो. तिथे ते वाचले. बहुतेक मजकूर सौम्य होता. शेवटी मात्र असे होते : ‘दोरीच्या पलीकडे, बायकांच्या बाजूला, कोणी रडले नाही. माझ्या शेजारची बाई म्हणाली, मघा तर चांगली बोलून राह्यली होती, आता हिला काय झालं? नायिका बोलली असती तर नाटक तिथेच संपले असते. तिच्या मौनात मला लेखकाची सोय दिसली.’

चूक बुजवायच्या लाल औषधाची बाटली कपाटात होती. मी ती वाक्ये बुजवली, औषध वाळू दिले आणि त्या जागी बाईंच्या अक्षरासारखे अक्षर काढून लिहिले : ‘तिसऱ्या अंकातील मौन काळजाला हात घालते.’ त्यांचे अक्षर मी इतकी वर्षे पाहत होतो. फरक कळत नव्हता.

सोमवारी शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने त्यांना चिडवले, “बाई, सरांची नायिका तुम्ही बिलकुल फर्स्टक्लासात पास केली की!” त्यांनी प्रत मागून घेतली, शेवटचे पान पाहिले आणि माझ्याकडे वळल्या.

“सर, ही ओळ माझी न्हाई.”

जागा कमी पडली, असे काहीतरी मी बोललो. त्यांनी किती प्रती शिल्लक आहेत ते विचारले. नंतर दोन दिवस, तास नसेल तेव्हा, त्या निळे पेन घेऊन बसत. प्रत्येक प्रतीतली ती ओळ खोडून समासात आपली वाक्ये लिहीत. मी समोर वह्या तपासत होतो. त्यामुळेच ती वाक्ये मला पाठ आहेत. वाटलेल्या प्रती कुणाकुणाकडे गेल्या ते त्यांनी विचारले, मी सांगितले. त्या घरोघर गेल्या. काही जणांनी प्रत बाहेर आणून दिली, काहींनी हसण्यावारी नेले. पुढच्या अंकाचे स्टेन्सिल लिहायला त्यांनी नकार दिला आणि अंक बंद पडला. पुढे त्यांची बदली झाली.

स्त्रीवादी समीक्षा हा शब्द मी बऱ्याच वर्षांनी, जालन्यातल्या एका व्याख्यानात ऐकला. बायका एखादी कलाकृती पाहतात तेव्हा त्यांना वेगळे काय दिसते, यावर वक्त्या बोलत होत्या. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होतो.

सगळ्या प्रती दिल्या, असे मी बाईंना सांगितले होते. एक दिली नव्हती. तीत माझ्या नाटकाची स्तुती होती, म्हणून ठेवून घेतली. ती अजून माझ्याकडे आहे. तिच्या समासात बाईंची वाक्ये लिहून टाकावीत, असे कितीदा मनात आले. त्यांचे अक्षर मला अजूनही काढता येते. म्हणूनच लिहीत नाही.