कंस सांभाळणारी गौतमी

गौतमीबद्दल लिहा, असं मला पुष्कळ जणांनी सांगून पाहिलं. आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तर दर वर्षी मागणी यायची. मी कधी डोळ्यांचं, कधी गुडघ्यांचं कारण पुढे करून टाळत आलो. खरं कारण वेगळं होतं. तिच्याबद्दल लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायची माझी हिंमत होत नव्हती. अजूनही फारशी होत नाही; पण आता वय असं आहे की टाळायलाही जागा उरलेली नाही.

आधी तिची सवय सांगतो. वाद पेटला की ती आपली खुर्ची उचलायची आणि ज्याच्याशी वाद चालू असेल त्याच्या शेजारी नेऊन ठेवायची. पहिल्यांदा ती माझ्याच शेजारी येऊन बसली तेव्हा मी दचकलो. "समोर बसलं की मला भांडायला येतं, अण्णा," ती म्हणाली. "शेजारी बसलं की स्वल्प लाज वाटते."

मी राज्य सरकारच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत असताना हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींना तज्ज्ञ म्हणून काही वेळा गेलो होतो. तेवढ्या भांडवलावर बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या काही तरुणांनी मला आपला सल्लागार केलं. दर रविवारी आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांची बैठक भरायची. गौतमी दोन गल्ल्या पलीकडची. तिच्या वडिलांचं तसबिरींना चौकटी बसवण्याचं दुकान होतं. निहार पुण्याचा, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत नोकरीला. तो कायम उशिरा यायचा आणि कायम के. आर. पुरमच्या पुलावरच्या गर्दीला दोष द्यायचा.

"तुझी मराठी कुठल्या काळातली आहे गं?" तो गौतमीला चिडवायचा.

"आमचे पूर्वज इथे घोड्यावरून आले रे. तू विमानातून आलास. सामान कुणाचं कमी हरवलं असेल, तूच सांग."

मी त्यांना वाटाघाटींच्या रीती शिकवल्या. त्यातली मुख्य रीत कंसाची. ज्या वाक्यावर एकमत नसतं ते चौकोनी कंसात ठेवायचं. कंस आहे तोवर वाक्य जिवंत. ते मंजूर झालेलं नसतं, पण कुणाला खोडताही येत नाही. तरुणांच्या गटांनी ही रीत आणखी कडक केली होती. प्रत्येक कंसाला एक राखणदार. त्याने कंस सोडला तरच वाक्य खोडलं जाणार. राखणदार बाहेर गेला तर जवळच्या माणसापाशी निरोप ठेवणार, आणि तो निरोप त्याचाच शब्द मानला जाणार. आमच्या बायकोला हे ऐकून फार हसू यायचं. "घरात कृष्णाची पूजा, आणि बाहेरच्या खोलीत कंसाची राखण!"

गौतमी त्या कामात रमली. दुसऱ्याला काय हवंय हे त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची. "सरी, बरं, म्हणजे तुला असं म्हणायचंय," म्हणून ती त्याचंच म्हणणं त्याला इतकं नीट करून सांगायची की निहार एकदा वैतागून म्हणाला, "अगं, माझ्या बाजूने तू माझ्यापेक्षा चांगली भांडतेस. मग मी हरलो कसा?"

अशी तयारी करून आम्ही परदेशातल्या एका गारठलेल्या शहरात पोचलो. तिथे जगभरच्या तरुणांना मिळून एक निवेदन तयार करायचं होतं. मोठ्या सभागृहात ते वाचायची वेळ ठरलेली होती. मजकूर वेळेत पक्का झाला नाही तर संधी जाणार होती. तिथे गौतमीची सेलाशी गट्टी जमली. सेला प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरची. तिचं एकच वाक्य होतं: ज्यांची जमीन समुद्रात जाईल, त्यांचा देश जमीन गेल्यावरही देशच राहील. मोठ्या देशांमधल्या काही मुलांना त्यात कायद्याची गुंतागुंत दिसत होती, म्हणून ते वाक्य कंसात होतं. शेवटच्या दुपारी सेलाला तिच्या देशाच्या शिष्टमंडळाने बोलावून घेतलं. जाताना तिने कंस गौतमीकडे सोपवला.

थोड्याच वेळात अध्यक्ष मुलाने सांगितलं की आता थांबता येणार नाही. गौतमी उठली. आम्ही सल्लागार भिंतीकडेला बसायचो. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अण्णा, मी सेलाला घेऊन येते. मला विचारलं तर सांगा, कंस सोडलेला नाही, मी येतेय." आणि ती पळाली.

विचारलंच. अध्यक्ष तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून माझ्याकडे वळला. "तिने काही निरोप ठेवलाय?"

"हो," मी म्हणालो. "तिने कंस सोडलाय."

हे वाक्य मी इतकी वर्षं कुठेही लिहिलेलं नाही. गौतमीने कंस सोडला नव्हता. ते मी माझ्या मनाने सांगितलं. सगळं निवेदन बुडेल अशी भीती मला वाटली, हे खरं. सरकारी नोकरीत अर्धामुर्धा मजकूरसुद्धा मिळाला तर घ्यायचा, हीच शिकवण अंगात मुरलेली, हेही खरं. पण आमच्या मुलांचं निवेदन जगापुढे वाचलं जाणार असं मी बेंगळुरूत ज्याला त्याला सांगून बसलो होतो, हे त्याहून खरं.

त्या दोघी धापा टाकत आल्या तेव्हा पडद्यावर वाक्य नव्हतं. सेलाने विचारलं, "कुणी सोडलं?"

"गौतमीचा निरोप होता," अध्यक्ष म्हणाला.

गौतमीने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला. ती सेलाकडे वळली आणि म्हणाली, "हो. मीच सांगून गेले होते."

मग तिने आपली खुर्ची सेलाच्या शेजारी नेऊन ठेवली. सेला उठून खोलीबाहेर गेली.

बाहेरच्या बोळात मी गौतमीला म्हणालो, "तू असं का सांगितलंस?" खरं तर तेव्हा मी काही वेगळंच म्हणायला हवं होतं.

ती म्हणाली, "मी मन बदललं म्हटलं तर एकटी मी वाईट. तुम्ही खोटा निरोप दिला म्हटलं असतं तर आपल्या कुणाच्याच निरोपावर उद्या कुणी भरवसा ठेवला नसता. दुसऱ्या मसुद्यात निहारचे दोन कंस अजून अडकलेत, अण्णा." आवाज कापत होता, पण हिशेब चोख होता. मग नाक पुसून म्हणाली, "चला, जेवून घ्या. सारू-भात नाहीये, पण गरम काहीतरी आहे."

बेंगळुरूला परतल्यावर आमच्याच खोलीत निहारने तिला विचारलं, "मैत्रिणीचं वाक्य होतं ते. तू असं कसं केलंस गं?" मी तिथेच कॉफी ओतत होतो. ती म्हणाली, "झालं खरं. आता पुढचं बोलू या?" मी सगळ्यांना कॉफी दिली.

पुढच्या वाटाघाटींना मुलांनी तिला पाठवलं नाही. तिने तक्रार केली नाही. सगळ्यांना कंटाळवाणी वाटणारी कामं तिने अंगावर घेतली: वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना फोन करायचे, त्यांच्या शंका ऐकायच्या, त्या कायदा शिकणाऱ्यांकडून सोडवून घ्यायच्या. सेलाच्या वाक्याला ज्यांचा विरोध होता त्यांच्यापाशी ती चिकाटीने बसली. "फोनवर खुर्ची सरकवता येत नाही, हीच पंचाईत," असं मला म्हणायची. सेलाला ती काय काय झालं ते कळवत राहायची. बरेच महिने उत्तर आलं नाही. मग एकदा नुसतंच 'ऐकतेय' असं आलं, तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ते वाचून दाखवून आली.

पुढच्या निवेदनात ते वाक्य कंसाशिवाय गेलं. सेलाने स्वतः वाचलं. आम्ही सगळे आमच्या खोलीत निहारच्या लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसलो होतो. वाक्य आलं तशी गौतमीने इतक्या जोरात टाळी वाजवली की वरच्या मजल्यावरच्या अक्का काय झालं म्हणून विचारायला खाली आल्या. निहारने तिला कोपराने ढोसलं. "घोड्यावरचे लोक उशिरा पोचतात, पण पोचतात!" इतका आनंद त्या खोलीने क्वचितच पाहिला असेल. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्याला गहिवरून आलं असं समजून मुलांनी मला पेढा भरवला.

पुढे सेलाच्या बेटावरच्या तरुणांनी गौतमीला कामासाठी बोलावून घेतलं. सेलाने तिला माफ केलं होतं. जे तिने केलंच नव्हतं, त्याबद्दल.

निघायच्या दिवशी ती आमच्याकडे निरोप घ्यायला आली. मी सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होतो. तिच्यासाठी मराठीत, सेलाला सांगण्यासाठी इंग्रजीत. बायकोला सगळं ठाऊक होतं. गौतमीची ओटी भरून झाल्यावर ती मुद्दाम आत निघून गेली. गौतमी माझ्या पाया पडली. उठली, पण लगेच निघाली नाही. पिशवीचा पट्टा खांद्यावर घेऊन उभी राहिली. दारातून टॅक्सीवाला ओरडला, "मॅडम, लेट आगत्ते!" तरी ती हलली नाही.

"गौतमी," मी म्हणालो.

"हां, अण्णा?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"स्वेटर घेतलास ना?"

विषुववृत्तावरच्या बेटाला निघालेली ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "घेतलाय, अण्णा."