काळोखानंतरचा अर्धा तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आत्ता लिहितानाही दार लावून घेतलंय — घरात कुणी नाही, तरी. हसू नका.

नव्वदीची अखेर होती. मी बिबवेवाडीत राहायचे आणि एका कंपनीत अमेरिकन बँकांचे जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायचे. वेड दोनच — क्रिकेट आणि सिनेमा. बारावीला इंग्रजी शिकवलेले आमचे सर कसबा पेठेतल्या आपल्या घरी रविवारी सिनेमे दाखवायचे. त्यांच्याकडे एक व्हिडिओ कॅसेट होती. त्या थोर इंग्रज नाटककाराच्या शोकांतिकेवरून काढलेला परदेशी, कृष्णधवल सिनेमा. सरांनी अर्धं आयुष्य तो शोधला होता. "नीट बघ आणि रविवारी रसग्रहण तूच कर," म्हणून त्यांनी ती एकुलती एक प्रत दिली — माझ्या हातात!

पाहिला मी. म्हातारा राजा दिवा फुंकतो आणि पडदा काळा होतो. आवाजही नाही. मिनिटभर काळाच. संपला, असं समजून मी बंद केला.

दुसऱ्या दिवशी अडीचला मॅच, आणि मला दुपारचं ऑफिस. रेकॉर्ड करायला कोरी कॅसेट नाही. दुपारचा दीड वाजलेला. दुकानाचं शटर चारशिवाय वर जाणार नाही, पुण्यातच राहत होते ना! मग वाटलं, सिनेमा संपल्यावर पुढे कोरीच तर आहे. तिच्यावर काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून सरांनी कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मुद्दाम मोडून ठेवला होता. मी तिथे चिकटपट्टी लावली, मॅचसाठी टायमर लावला आणि ऑफिसला गेले. शनिवारी कॅसेट परत करताना ती पट्टी काढूनही टाकली. का काढली? तेव्हाच कुठेतरी घाबरले होते का?

रविवारी पंचवीसेक माणसं. सर म्हणाले, "आता काळोख होईल. कुणी उठू नका. खरा सिनेमा त्यानंतरच्या अर्ध्या तासात आहे."

तेव्हा बोलता आलं असतं — अजून दिवा जळत होता हो!

दिवा विझला. काळोख. आणि मग साबणाची जाहिरात. मग टॉस. लोक खो खो हसले. सर हसले नाहीत. ते काकूंकडे, आपल्या बायकोकडे वळले, कारण काकू त्याच व्हीसीआरवर दुपारच्या मालिका रेकॉर्ड करायच्या.

"तू हात लावलास?"

काकूंच्या हातात पोह्यांचा ट्रे होता. त्या एवढ्याशा झाल्या. "लागला असेल हो चुकून."

लागला नव्हता. आणि नंतर, सर्वांसमोर, मी उठून रसग्रहण केलं. त्या काळोखावर दहा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या.

सरांनी कॅसेटच्या कपाटाला कुलूप लावलं. काकूंनी पुन्हा त्या यंत्राला हात लावला नाही. मी मात्र घरचा फोन वाजला की दचकायचे — कळलं असेल का? कोण बोललं असेल? कुणाला काहीच कळलं नाही. दुसरी प्रत सरांना मिळाली नाही.

सर वारले तेव्हा मी काकूंना भेटायला गेले. काकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "माझ्यामुळे ह्यांना तो शेवट परत बघता आला नाही गं."

आता तरी? आता कुणाला भीत होते मी?

"जाऊ द्या काकू," मी म्हटलं, "सरांनी तुम्हाला कधीच माफ केलं होतं."

त्या रडल्या. माझे आभार मानले. आणि मी ते मानू दिले.