दगड चाखणारे साहेब

वडनेरला एसटीडी बूथशेजारी माझी खानावळ होती, तेव्हा तेल शोधणाऱ्या पथकातले एक साहेब रोज जेवायला यायचे. खोल बोअरमधून निघालेल्या काळ्या दगडाचा कण दाताखाली धरून ते डोळे मिटायचे.

“साहेब, जेवण सोडून गोटे काऊन खाऊन राह्यले?” एकदा मी वैतागलेच.

“दगड चिखलाचा की वाळूचा, ते दातांना कळतं, ताई. चिखलाच्या काळ्या दगडात जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तेल शिजतं. आच कमी पडली तर कच्चं, जास्त झाली तर करपतं. शिजलं की वाहत दुसरीकडं जाऊन साठतं.”

स्वयंपाकातलं मला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण हे पटलं.

पथक हललं त्या दिवशी मी विचारलं, “लागलं का तेल?”

“नाही,” हात धूत ते हसले. “पण चूल सापडली. ताट कुठं वाढलंय, तेही सापडेल.”